व्यासराज मास्तरांची नजर

प्रिन्सिपॉल अनंतकृष्ण बारा वर्षांत एकदाही फुटबॉलच्या मैदानाकडे फिरकले नव्हते, म्हणून फुटबॉल शिकवणाऱ्या व्यासराज मास्तरांच्या शोकसभेत पहिलं भाषण त्यांनाच मिळालं. चांगली चाळीस मिनिटं बोलले. एका टीमला किती गडी लागतात हे त्यांना ठाऊक असावं असं काही त्यावरून वाटलं नाही. पण मास्तरांची नजर घारीची होती, पार पलीकडच्या गोलपाशी कोणाचा पाय वाकडा पडला तरी त्यांना दिसायचा, हे मात्र त्यांनी तीनदा सांगितलं. जुन्या खेळाडूंनी तिन्ही वेळा माना डोलावल्या.

मागच्या रांगेतल्या जयतीर्थाने काही डोलावली नाही. गिंडीच्या एका कारखान्यात तो कारकून, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेला. कॉलेजात तीन वर्षं हा टीमचा बारावा गडी. म्हणजे रोज सरावाला यायचं, अनवाणी पळून तळवे सोलून घ्यायचे आणि मॅचच्या दिवशी मास्तरांशेजारी बाकावर बसायचं. तेव्हा एकदा अकरा जण उतरले की उतरले, मधे गडी बदलायची सोयच नव्हती. तीन वर्षांत जयतीर्थ एकही मॅच खेळला नाही. अड्यारला त्याच्या गल्लीतल्या पोरांनी त्याला बाकाचा मालक म्हणून पुरता छळला.

आणि खरं कारण फक्त त्यालाच माहीत होतं. मास्तरांना दहा पावलांपलीकडचं दिसत नसे. डोळ्यांच्या नसाच वाळत चाललेल्या, चष्म्याचाही उपयोग नाही. कॉलेजला कळतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. पहिल्याच मॅचला मास्तरांनी त्याचं मनगट धरलं आणि धाकट्या भावाला हाक मारावी तसं हळू आवाजात म्हणाले, "तंबी, चेंडू कोठें हाय तें मज सांगत जा. कोणास बोलूं नको." झालं. तेव्हापासून जयतीर्थ मॅचभर त्यांच्या कानाशी कुजबुजायचा, आणि मध्यंतराला मास्तर एकेकाच्या चुका घडाघड म्हणून दाखवायचे. पोरं गार पडायची. अशी ती घार.

मास्तरांनी त्याचे डोळे वापरले आणि त्याच्या पायांना गंज चढू दिला, हा जयतीर्थाच्या मनातला सल. कॉलेज सुटल्यावर आठ वर्षांत तो त्यांच्याकडे एकदाही गेला नाही. माया आटली नव्हती, पण राग काही जात नव्हता. आज तो ठरवूनच आला होता. माईकसमोर जायचं आणि सगळं सांगून टाकायचं. आपण बाकावर होतो ते खेळता येत नव्हतं म्हणून नव्हे, एवढं एकदा चारचौघांना कळू दे.

तेवढ्यात जुना कॅप्टन विद्याधर उभा राहिला. आता बँकेत ऑफिसर, पोट त्याच्या आधी माईकपाशी पोचलेलं. "फायनलला मी पहिला अर्धा वेळ अंगचोरी करत होतो," तो रुमाल काढत म्हणाला. "मैदानात कुणाला कळलं नाही. पण मध्यंतराला मास्तर म्हणाले, विद्याधर, तू पळत नाहीस. शरमेने मी मेल्यासारखा झालो आणि मग दोन गोल केले."

त्या दिवशी विद्याधर जीव तोडून पळत होता. त्याची जागा आपल्याला मिळायला हवी होती या जळफळाटात जयतीर्थानेच मास्तरांच्या कानात खोटं सांगितलं होतं. आणि हा शहाणा आठ वर्षं ती अंगचोरी खरी मानून भाषणं ठोकतोय. मेलेल्या मास्तरांच्या नजरेपुढे स्वतःच्या पायांवरही विश्वास नाही याचा.

"आता आपल्या टीमला पाणी देणारे जयतीर्थ दोन शब्द बोलतील," अनंतकृष्ण म्हणाले.

पाणी देणारे. जयतीर्थ दात आवळून माईकपाशी गेला. समोर पहिल्या रांगेत सईबाई बसल्या होत्या, मास्तरांच्या पत्नी. नजरेचं नाव निघालं की त्यांची मान थोडी ताठ व्हायची. त्या मानेकडे पाहून त्याने ठरवलेलं सोडून दिलं.

"नजर घारीचीच होती," तो म्हणाला. "मी शेजारीच बसत होतो." आणि खाली उतरला.

सभा संपली, कॉफी आली. सईबाईंनी त्याला हाताने जवळ बोलावलं. "त्यांस दिसत नव्हतें तें तूं बोलला नाहींस. बरें केलेंस."

"तुम्हाला माहीत होतं, मामी?"

"पानावर कूट कोठें, भात कोठें, तें मीच हात धरून दाखवत होतें. न माहीत कसें होईल? शेवटीं शेवटीं रोज तुझें नांव घेत होते. जयतीर्थ कां येत नाहीं म्हणून विचारत होते."

जयतीर्थाला रडू आलं आणि त्याने ते लपवलंही नाही. सबंध हॉलला जे ऐकवायला तो आला होता, ते निदान एका माणसाच्या तोंडून तरी त्याला ऐकायचं होतं.

"मामी, मी सरावात कसा खेळत होतो, त्याबद्दल ते कधी काही म्हणाले का?"

सईबाईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला.

"कसें म्हणतील रे? तूं मैदानांत असतां तुजबद्दल सांगायला त्यांच्याजवळ कोण बसत होतें?"