पिनेपासून अर्धा मीटर

धाकट्याला या ट्रॅक्टरातून एक खुर्ची मिळणार होती. चाकांची, मागे रेलता येणारी, शोरूमच्या काचेआड, गार हवेत. शोरूमवाल्याने शब्द दिला होता : घरच्या रोपवाटिकेत आमचा लाल ट्रॅक्टर उभा कर, विक्रीचं टेबल तुझं. धाकट्याने हे घरी सांगितलं नव्हतं. खोटं बोलला असंही नाही. कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत फिरणाऱ्यांतला तो नव्हता.

वहिनीला मिळवायची होती नवऱ्याची पाठ. मणक्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी थोरल्याला बजावलं होतं, यापुढे पाण्याचा भरलेला कॅनसुद्धा उचलायचा नाही. मणका पुन्हा सरकला तर पाय जाईल. आणि यांचा धंदा काय, तर वाढलेली झाडं कुंडीसकट विकायचा. ओल्या मातीची एकेक कुंडी झाडासह तीनशे किलोची. आजवर ती माणसांच्या खांद्यांवरून ट्रकात चढायची, आणि त्यात पहिला खांदा थोरल्याचा. म्हणून छोटा ट्रॅक्टर घ्यायचा, पुढे उचलणारे हात असलेला, फ्रंट लोडरवाला, हे सगळ्यांना पटलं. कोणता घ्यायचा, यावर घर पेटलं.

जेवणाच्या टेबलावर दोन माहितीपत्रकं पसरली होती.

"पाचशे किलो," धाकटा लाल पत्रकावर बोट आपटत म्हणाला. "आणि तुमचा निळा चारशे वीस. यात विचार करायचं काय आहे, वहिनी?"

"खालची बारीक अक्षरं वाचा, भाऊजी. लालवाल्यांनी वजन पिनेपाशी मोजलंय, जिथे लोडरच्या हातांना बादली जोडतात तिथे. निळ्यांनी पिनेपासून अर्धा मीटर पुढे मोजलंय."

"अर्ध्या मीटरने काय आकाश कोसळतं?"

वहिनीने ओट्यावरचा पिठाचा डबा आणून त्याच्या हातात दिला. "छातीशी धरा. धरलात? आता हात लांब करा."

त्याने केले. डबा थरथरू लागला तसा त्याने तो टेबलावर आदळला. "मी काय ट्रॅक्टर आहे?"

"ट्रॅक्टर असतात तर निदान कामाला आला असतात. कुंडी बादलीत नाही, फोर्कवर, त्या दोन लांब लोखंडी सुळ्यांवर पुढे बसते. त्यातून फोर्कचं स्वतःचं वजन आलंच. तुमचे पाचशे तिथवर जाईपर्यंत तीनशेच्याही खाली येतात."

"शोरूमवाला म्हणतो, हे आकडे कागदावरचे. मशीन दणकट आहे."

"मग त्याला म्हणावं, मशीन आण आणि आपली एक ओली कुंडी ट्रकच्या फळीएवढी उचलून दाखव. लगेच चेक देते."

"म्हणजे मी त्याच्यावर संशय घेऊ? माझी काही ओळख आहे बाजारात."

"ओळख तुमची, पाठ यांची. अहो, तुम्ही बोला की."

थोरला ताटातल्या शेवटच्या घासाकडे बघत होता. हा माणूस नर्सरीत कुणाच्या बापाला ऐकायचा नाही, पण धाकट्याचं चुकलेलं त्याला बघवत नसे. धाकट्याने गिऱ्हाइकाला भलतंच रोप दिलं तर हा पुढे होऊन म्हणे, मीच सांगितलं होतं त्याला. धाकट्याने गाडी भिंतीवर घातली तेव्हा भिंत बांधणाऱ्याची चूक निघाली होती.

"एवढं हिंडून बघून आलाय तो," थोरला म्हणाला. "घेऊ लाल."

"तुमच्या पाठीला विचारलंत?"

"उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस."

वहिनीने ताटं उचलली. त्या दिवशी घरातल्या भांड्यांनी जेवढं ऐकून घेतलं तेवढं कुणीच घेतलं नाही.

लाल ट्रॅक्टर आला. पहिल्या मोठ्या मालाच्या दिवशी शोरूमवाला फोटोग्राफर घेऊन हजर झाला, जाहिरातीला फोटो हवा म्हणून. धाकटा नवा शर्ट घालून सीटवर. ट्रकवाला मागचं फाळकं उघडून फळीवर बसला होता, पाय हलवत.

फोर्क कुंडीखाली गेले. कुंडी गुडघ्यापर्यंत आली, मग कमरेपर्यंत, आणि थांबली. धाकट्याने गॅस वाढवला. इंजिन ओरडलं, लोडरमधलं तेल किंचाळल्यासारखं वाजलं, कुंडी तसूभर हलली नाही. फळी अजून हातभर वर होती.

"उतरवा खाली," वहिनी रोपांच्या रांगेतून ओरडली.

"नवं मशीन आहे, आखडतं जरा," शोरूमवाला हसत म्हणाला. "कुणी हात लावला तर जाईल वर."

"मशीनला माणसाने हात लावायचा?" ट्रकवाला म्हणाला. "मग शेठ, माणूसच का नाही विकत? त्याला डिझेलही लागत नाही."

फोटोग्राफर फिसकन हसला. धाकट्याचे कान लाल झाले. तो ना गॅस कमी करेना, ना खाली उतरेना.

थोरल्याने ते कान पाहिले.

"मीच सकाळी पाणी जास्त घातलं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कुंडी जड झालीय," आणि पुढे होऊन त्याने कुंडीखाली खांदा दिला.

"अहो, नको—"

वहिनी पोचेपर्यंत कुंडी फळीवर टेकली होती. फोटो निघाला होता. थोरला मात्र वाकला तो वाकलेलाच राहिला, फळी धरून, चेहरा पांढराफटक. शोरूमवाल्याचं तिकडे लक्ष नव्हतं. धाकट्याच्या पाठीवर थाप मारत तो म्हणाला, "जमवलंस. सोमवारपासून टेबल तुझं."

वहिनी वळली. "कसलं टेबल?"

धाकटा नव्या शर्टाची बाही झटकू लागला. तिला ते कळायला तेवढं पुरलं.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये धाकटा तिच्या शेजारच्या बाकावर बसायला आला. तिने आपली पिशवी तिथे ठेवली.

"वहिनी, दादाला हात लाव असं मी म्हटलं नव्हतं."

"नाही. तुम्ही फक्त बघत बसलात. वर, सीटवर."

"मला काय माहीत—"

"अर्ध्या मीटरचं तुम्हाला माहीत होतं. मी डबा हातात दिला होता. जा आता. सोमवार जवळ आलाय, शर्टाला इस्त्री करून ठेवा."

तो गेला. ती आत गेली. थोरला छताकडे बघत पडला होता.

"त्याच्यावर चिडू नकोस," तो म्हणाला. "चारचौघांत पडलं असतं त्याचं तोंड."

"त्याच्यावर नाही, मी तुमच्यावर चिडलेय. तो लबाड आहे, आणि लबाडाकडून मी काही मागत नाही. तुम्ही शहाणे आहात ना? त्याचे कान लाल झाले म्हणून माझा संसार खांद्यावर घेऊन फळीखाली घातलात. मला विचारलंत?"

"पाठ माझी होती."

"तुमची? मग आता तिला सांगा तुम्हाला उठवून बसवायला."

चादरीखालचा त्याचा डावा पाय तिने दाबून पाहिला. त्याला कळलं नाही.

शेवटी जमाखर्च असा झाला. धाकट्याला खुर्ची मिळाली. शोरूमवाल्याची विक्री झाली, फोटो मोठा करून दारात लागला. त्यातून थोरल्याचा खांदा कापून टाकलाय. कंपनीला कुणी बोल लावू शकलं नाही, कारण पिनेपाशी तो ट्रॅक्टर पाचशे किलो खरंच उचलतो. थोरल्याने भावाची लाज राखली आणि पाय दिला, पण तो त्याने निदान स्वतःच्या मर्जीने दिला. त्याला पलंगावरून उठवायचं, धरून न्हाणीत न्यायचं, पुन्हा आणून निजवायचं आणि दिवसभर नर्सरी बघायची, हे वहिनीच्या वाट्याला आलं. नको म्हणणारी ती एकटी होती. किंमत भरते आहे तीही एकटीच.