रशीदाच्या ओट्यावरची कोरफड

मी कोरफड बोलतेय, आर्णीच्या रशीदाच्या ओट्यावरची. तिच्या माहेरून एक पिल्लू आलं होतं, ते मी.

उन्हाळा सरला की रशीदा मला कुंडीतून अलगद काढायची. बुडाशी फुटलेली, चार बोटं वाढलेली पिल्लं मुळांसकट सोडवायची आणि सावलीत ठेवायची. "घाव वाळू द्या लागते, नाही तं सडते," असं शेजारच्या विमलताईंना सांगायची. मग रंगाच्या रिकाम्या डब्यांत वाळूमाती भरून ती लावायची आणि गल्लीत वाटायची. तिचा नवरा जमीर फवारणीचे पंप दुरुस्त करी. डबे तोच आणून द्यायचा.

विमलताईंचा हात एकदा चुलीवर भाजला, तेव्हा रशीदानं माझा गर लावला. लगेच गार वाटलं. तेव्हापासून त्यांचा माझ्यावर फार भरवसा. एक पिल्लूही त्यांनी नेलं.

त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली आणि बोंडांत अळी पडली. विमलताईंचे यजमान डोमाजी लोकांच्या वावरात रोजानं फवारायला जात. वर मारलेलं औषध त्यांच्याच अंगावर उतरायचं. एका दुपारी ते अंग खाजवतच घरी आले. विमलताईंनी पिल्लाची सगळी पानं सोलली. ती पुरली नाहीत, तशा आमच्याकडे धावत आल्या.

"रशीदाभाभी, आमच्या यायचं आंग जळून राह्यलं. कोरफड द्या."

"घ्या नं ताई, पाह्यजे तेवढी घ्या."

दिवस कलता त्या पुन्हा आल्या. "उलट्या करून राह्यले. डोळ्यानं धुरकट दिसते म्हणते." रशीदानं घाबरून माझी उरलीसुरली पानंही कापली.

इतक्यात जमीर आला. ऐकताच म्हणाला, "कोरफड काय लावता? जहर अंगात गेलं त्याच्या. कपडे तरी बदलले काय?"

बदलले नव्हते. औषधानं भिजलेला सदरा अजून अंगातच होता. जमीरनं ऑटो आणला. डोमाजी यवतमाळच्या दवाखान्यात पोचले, पण घरी आलं ते त्यांचं प्रेत.

तेरवीनंतर रशीदा भेटायला गेली. जाळीच्या कुंपणापलीकडून मला सगळं ऐकू आलं.

"भाभी, तुम्ही पाह्यजे तेवढी घ्या म्हटलं," विमलताई हळू आवाजात म्हणाल्या. "नाही म्हटलं असतं, तं मी तवाच दवाखान्यात नेलं असतं."

रशीदा तशीच उठली. परत येऊन ओट्यावर बसून राहिली.

त्यानंतर तिनं मला कुंडीतून काढलं नाही. पिल्लांवर पिल्लं फुटली, माती दिसेनाशी झाली. मुळं एकमेकांत आवळलीत आणि माझा गाभा खालून मऊ पडत चाललाय.

बाबांनो, माझा गर भाजल्या कातडीला गारवा देतो, त्यापलीकडे माझ्या हातात काही नाही. फवारून आलेल्या माणसाचे आधी कपडे उतरवा, त्याला धुवा आणि तडक दवाखान्यात न्या. माझ्यासाठी थांबू नका.

परवा एक नवी सून पिल्लू मागायला आली. रशीदा माझ्यासमोरच उभी होती.

"एकही नाही उरलं, बेटा," ती म्हणाली आणि दार लोटून घेतलं.