आत्मारामकाकांची पाच मिनिटं

मशीन चुकतं ते कसंही चुकतं. दोन सेकंद, पावणेसात सेकंद, काहीतरी वेडंवाकडं. पण बरोब्बर पाच मिनिटं? मशीनला कसली आलीय एवढी शिस्त! दीक्षाला हेच पटत नव्हतं.

मिरजोळ्याच्या त्या आमरसाच्या कारखान्यात नव्या पट्ट्यावरून डबे पळत. कॅमेरा झाकण बघे, काटा वजन घेई, आणि दोघांची वेळ जुळली की खराब डबा नेमका बाजूला ढकलला जाई. वेळ केसभर चुकली तरी चांगला डबा बाहेर आणि खराब आत. कॅमेऱ्याची वायर कॉम्प्युटरच्या नव्या नेटवर्क कार्डात होती. त्या कार्डाला स्वतःचं घड्याळ, छपरावरच्या जीपीएसशी जुळवलेलं. काट्याची वायर जुन्या कार्डात. त्या बापड्याकडे घड्याळच नाही, ते कॉम्प्युटरच्या घड्याळावर भागवणार. म्हणून दीक्षा रोज सकाळी कॉम्प्युटरचं घड्याळ नव्या कार्डाच्या घड्याळाशी जुळवून घेई. सकाळी सगळं झकास जुळे, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर काटा पाच मिनिटं पुढे! तीन दिवस हाच तमाशा.

आज तीन वाजता मालक राजेंद्रशेठ चाचणी बघणार होते. जमलं तर दीक्षाची नोकरी कायम. नाही तर काम पुण्याच्या कंपनीकडे आणि दीक्षा परत मुंबईला. सहा वर्षं काढली होती तिने तिथे. पुन्हा जायचं नव्हतं.

आज ती जेवायला गेलीच नाही. कपाटाच्या आडोशाला बसून राहिली. थोड्या वेळाने सुपरवायझर आत्मारामकाका आले, चष्मा पुसला, कॉम्प्युटरसमोर बसले आणि निवांतपणे घड्याळ पुढे केलं.

"काका!"

"अगो बाय, तू इथेच?"

"तुम्ही घड्याळ पुढे करता?"

"करतो की. अकरा वर्षं. भोंगा याच कॉम्प्युटरवरनं वाजतो ना साडेपाचला? आणि एसटीपण साडेपाचलाच गेटावरनं जाते. बायका धावत जाईपर्यंत गाडी पसार! म्हणून पाच मिनिटं पुढे. सकाळीही पाच मिनिटं आधी लागतात हो कामाला, फुकटचं काही नाही. पूर्वी एकदा लावलं की वर्षभर बघायला नको. तू ते नवं कार्ड लावल्यापासून रोज मागे पडतंय. म्हटलं, पोरीला धड येत नाही, कशाला बोलून मन दुखवा?"

दीक्षाला हसावं की रडावं कळेना. तीन रात्री झोप नाही, आणि हे म्हणे मन दुखवत नव्हते!

तिने घड्याळ पुन्हा जुळवलं. तीनला पट्टा सुरू झाला आणि मुद्दाम मिसळलेले बाराच्या बारा खराब डबे बाजूला पडले. शेठ खूश झाले.

"काय बिघडलं होतं गो?"

वायर सैल होती म्हटलं असतं तर निभावलं असतं. काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण खोटं बोलायचं, तर एक तर घड्याळ बिघडणार किंवा बायकांची गाडी चुकणार. दीक्षाने सगळं सांगून टाकलं.

"अकरा वर्षं? माझ्या नाकावर टिच्चून?" शेठ कडाडले. "मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही ओरडता म्हणून," काका पुटपुटले.

शेठनी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"भोंग्याच्या वेळाच पाच मिनिटं अलीकडे घेते," दीक्षा म्हणाली. "घड्याळाला कुणी हात लावायचा नाही."

"घे. आणि पुण्याला फोन करून नको म्हणून सांग. तुझं पत्र सोमवारी मिळेल."

पाच पंचविसाला भोंगा वाजला. एसटीत कारखान्यातल्या हौसाबाईंनी सरकून दीक्षाला जागा दिली. कंडक्टर आला तशी दीक्षाने पर्स उघडली.

"तीन महिने बघतेय, रोज तिकीट काढतेस," हौसाबाई करवादल्या. "महिन्याचा पास काढ की!"

"उद्या काढते," दीक्षा म्हणाली, आणि तिला एवढं हसू फुटलं की कंडक्टरही बघतच राहिला.