मूठभर जुना भुसा

“बटण आहे, मग काज कुठाय?”

ती दाराच्या कडीला हात घालून उभी होती. पायांत दोन वेगळ्या चपला आणि खांद्याला रिकामी पिशवी. वाफमामा गालावरचा फेस तसाच ठेवून न्हाणीघरातून धावत आले आणि दाराला पाठ लावून उभे राहिले.

“काज येणार आहे. तू बस बघू आत.”

“नाही हो दादा, मलाच आणायला हवं. गिऱ्हाईक खोळंबलंय.”

‘दादा’. बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणावं तसं ती नवऱ्याला दादा म्हणत होती. त्याला आता सात-आठ महिने झाले होते. मामांनी तिची पिशवी हळूच काढून घेतली, दंडाला धरून तिला खिडकीजवळच्या खुर्चीत आणून बसवलं आणि पिंजऱ्यावरचं फडकं उचललं. आत बुटक्या जातीचा एक हॅम्स्टर, जेमतेम अंगठ्याएवढा, पुढचे दोन पाय जोडून सूर्यफुलाचं बी सोलत होता. ती लगेच पुढे वाकली.

“बटण,” ती म्हणाली. आणि क्षणभराने, “काज कुठाय?”

मुलीच्या ऑफिसातल्या एका बाईची बदली झाली, तेव्हा तिने हा जीव मुलीकडे दिला होता आणि मुलीने तो इथे आणून ठेवला होता. ‘आईला विरंगुळा’ म्हणून. खरोखरच विरंगुळा झाला. बायकोने आयुष्यभर घरबसल्या शर्टांना काज-बटणं केली होती. या गोल, काळ्या डोळ्यांच्या गोळ्याला तिने पहिल्याच दिवशी ‘बटण’ म्हणून टाकलं. पुढचे तीन महिने ती पिंजऱ्यासमोर तासन्‌तास बसे. तेवढ्या वेळात मामा स्वयंपाक करत, कपडे धूत, अंघोळ उरकत. पण गेल्या महिन्यात तिला सुचलं की बटणाला काज लागतं. ते घरात नाही, म्हणजे ते आणायला जायला हवं.

दोनदा ती निसटली होती. पहिल्यांदा जिन्यातच सापडली. दुसऱ्यांदा भाजीबाजाराच्या तोंडाशी, पायांत काही नसताना. तेव्हा मुलगी येऊन गेली. ती रागावली नाही, याचीच मामांना जास्त भीती वाटली.

“बाबा, तीन आठवड्यांनी शनिवारी मी परत येतेय. तोवर आई आणखी एकदा जरी बाहेर गेली, तर मी तिला वृद्धाश्रमात नेणार. जागा आहे तिथे, मी बोलून ठेवलंय.”

“मी आहे ना इथे.”

“तुम्ही एकाहत्तर वर्षांचे आहात, बाबा. आणि घरात शिरल्या शिरल्या वास येतो. तुम्हाला येत नाही, मला येतो.”

वासाचं ते बोलणं मामांना फार लागलं. छत्तीस वर्षं त्यांनी रुग्णालयात शस्त्रक्रियेची अवजारं वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करून दिली होती. वाफमामा हे नाव तिथल्या नर्सबायांनीच ठेवलेलं. त्यांच्या हातून गेलेल्या तबकात कधी रक्ताचा डाग राहिला नाही, की कधी कुणाची जखम चिघळली नाही. आणि त्यांच्या घराला वास?

बायकोचं अंथरूण रोज ओलं होई, हे खरं होतं. पण मामा ते रोज पहाटे काढून जंतुनाशकाच्या बादलीत बुडवत होते. त्या दिवसापासून त्यांनी बादलीतलं औषध दुप्पट केलं.

पाळीव प्राण्यांच्या दुकानाचा मालक मुळात माशांच्या काचपेट्या बनवणारा. सगळे त्याला काचवालाच म्हणत. त्याने मामांचं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“काका, माझं नुकसान झालं तरी चालेल, पण खरं सांगतो. दुसरा आणू नका. हे लोक भांडकुदळ असतात. तुमच्याआमच्यासारखे.”

“पण राहतात म्हणे एकत्र. या जातीचे.”

“राहतात हो, पण लहानपणापासून सोबत असले तर. मोठ्याच्या घरात नवा घालायचा म्हणजे...” त्याने दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवली. “नवरा-बायकोसारखं. जमलं तर जमलं.”

“मला जमवावंच लागेल,” मामा म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की काचवाला काउंटरवर पुढे झुकला.

मग त्याने सगळं नीट सांगितलं. आणि मामांनी शर्टाच्या खिशातली वही काढून, एकेकाळी डॉक्टरांच्या सूचना लिहून घेत तसं, एकेक उतरवून घेतलं. आधी पिंजऱ्यात मधोमध जाळी लावायची. रोज एकाच्या बाजूचा थोडा भुसा दुसऱ्याच्या बाजूला टाकायचा. दहा दिवसांनी दोघांना तिसऱ्याच जागी, कपड्यांच्या टबात वगैरे, अर्धा तास सोडायचं. भांडले नाहीत तर जाळी काढायची.

“आणि काका, शेवटचं. पिंजरा कधी साफ केलात, तर सगळा करू नका. मूठभर जुना भुसा ठेवायचा आत. विसरू नका.”

“घाणेरडा भुसा ठेवायचा?”

“ठेवायचा.”

मामांनी तेही लिहून घेतलं. पण लिहिताना त्यांना कसंसंच झालं. एका मळक्या चिमट्याने अख्खं तबक मळकं होतं, हे त्यांनी किती नव्या पोरींना शिकवलं होतं!

काज आलं. ते बटणाहून किंचित लहान, पाठीवर करडी रेघ असलेलं. जाळीसाठी मामांनी अवजारांच्या एका जुन्या तबकाचा भोकाभोकांचा तळ कापून पिंजऱ्यात इतका बेमालूम बसवला, की कडेने केसही जाऊ नये. पहिले दोन दिवस बटणाने जाळीवर दात घासले. तिसऱ्या दिवशी त्याने नाद सोडला. सहाव्या दिवशी सकाळी मामा बघतात तर दोघं जाळीच्या दोन बाजूंना, पाठीला पाठ लावून झोपलेले. मामांना पटकन कुणाला तरी सांगावंसं वाटलं. घरात एकच माणूस होतं, म्हणून त्यांनी तिलाच सांगितलं.

“बघ, बघ. काज-बटण.”

“लागलं का?” ती म्हणाली आणि हसली. पुढचे दात दाखवून, पूर्वीसारखी हसली.

अकराव्या दिवशी टबात दोघं एकमेकांना हुंगत फिरले. बटणाने एकदा धक्का दिला, काज उताणं पडून चिरकलं, पण तेवढंच. चौदाव्या दिवशी त्यांनी जाळी काढली. त्या दुपारी ती खुर्चीतून सलग तीन तास उठली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चपला घातल्या नाहीत, पिशवी शोधली नाही. दोन गोळे एका घरट्यात शिरले की ती पदराच्या टोकाने डोळे पुसून म्हणे, “झालं बाई काम.” मामांनी कित्येक महिन्यांनी दार बंद करून, घाई न करता अंघोळ केली. आतून गाण्याची एक ओळ ऐकू आली, तेव्हा ती आपणच म्हणतोय हे त्यांना उशिरा कळलं.

असे पाच दिवस गेले. मग शुक्रवार उजाडला. दुसऱ्या दिवशी मुलगी येणार होती.

मामांनी पहाटेपासून घर घासायला घेतलं. फरशी, न्हाणीघर, दारांच्या कड्या. शेवटी ते पिंजऱ्याशी आले आणि वाकून हुंगलं. वास होता. थोडासाच, ओलसर, उग्र. मुलगी दारातूनच नाक वर करेल, हे त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. त्यांनी दोघांना एका डब्यात काढलं, भुसा कागदावर ओतला आणि काचवाल्याने सांगितल्याप्रमाणे एक मूठ बाजूला ठेवली. त्या मुठीकडे ते बराच वेळ बघत उभे राहिले. मग ती मूठही त्यांनी कागदात गुंडाळून केराच्या डब्यात टाकली.

पिंजरा, चाक, घरटं, पाण्याची बाटली, सगळं उकळत्या पाण्यातून आणि मग औषधातून निघालं. आता हात घातलाच होता, म्हणून त्यांनी कापसाचा बोळा औषधात भिजवून, पिळून, दोन्ही जिवांच्या अंगावरून फिरवला. पाठ, पोट, कानांच्या मागे. काहीही सुटलं नाही. कोऱ्या भुशावर दोघांना ठेवलं तेव्हा पिंजरा असा लखलखत होता, की कुठल्याही सर्जनसमोर बेधडक ठेवावा.

ती खुर्चीत सरसावून बसली होती.

दोघं दोन टोकांना थबकले. नाकं हलली. काज नेहमीच्या सवयीने घरट्याकडे निघालं आणि बटणाने त्याच्यावर झेप घेतली. एक गोळा झाला. त्यातून निघालेली बारीक किंकाळी इतक्याशा जिवाची असेल असं वाटेना. मामांनी हात घातला. बटणाने त्यांच्या बोटाचा चावा घेतला आणि परत काजाच्या मानेत दात रोवले. दोघं वेगळे झाले तेव्हा नव्या भुशावर लाल ठिपके पडले होते आणि ती खुर्चीमागे उभी राहून ओरडत होती, “उसवलं! अहो, कुणीतरी या, उसवलं सगळं!”

मामांनी काजाला रुमालात घेतलं. बटणावर झाकण टाकलं. “आलोच, तू बस, आलोच मी,” असं म्हणत ते जिना उतरले. बाहेरून कडी लावायची असते, हे आज पहिल्यांदाच ते विसरले.

काचवाल्याने रुमाल उघडला आणि पुन्हा मिटला.

“गेलं, काका.”

“श्वास होता. रस्त्यात होता श्वास.”

“काय झालं? छान जमलं होतं ना, परवा सांगून गेलात?”

मामांनी सांगितलं. उकळतं पाणी, औषध, बोळा. काचवाल्याने रुमाल काउंटरवर ठेवला. शेवटी मामांनीच विचारलं, “मूठ नाही ठेवली म्हणून?”

“त्यांना डोळ्यांनी धड दिसत नाही हो. वासावरच सगळं चालतं. हा आपला, हा परका. तुम्ही दोघांचा वासच काढून टाकलात. त्या बिचाऱ्याला वाटलं, घरात कोणीतरी परका शिरलाय.” मग मामांच्या चेहऱ्याकडे बघून तो घाईने म्हणाला, “होतं असं. माझ्याकडूनही झालंय. बोट धुवा आधी, रक्त येतंय.”

ते परतले तेव्हा दार सताड उघडं होतं. दोन्ही चपला जागेवर होत्या.

पुढचा तास मामा रस्त्यांवरून फक्त चालत होते. ओरडून हाक मारावी तर त्यांना लाज वाटत होती, न मारावी तर जीव जात होता. नेहमीच्या कोपऱ्यांवर, भाजीबाजारात, बसथांब्यावर, कुठेच ती नव्हती. तळमजल्यावरच्या शिलाईवालीने तिला मोठ्या चौकातून आणलं. दुभाजकावर बसली होती म्हणे, गाड्या दोन्हीकडून जात होत्या आणि ही वाकून रस्त्यावर काहीतरी शोधत होती.

“एका रिक्षावाल्याने गाडी आडवी घातली म्हणून, काका. नाहीतर काही खरं नव्हतं.” शिलाईवालीने तिला हात धरून खुर्चीत बसवलं. “मी ताईला फोन केलाय. रागावू नका माझ्यावर.”

“नाही,” मामा म्हणाले. “बरं केलंस, बाळ.”

शनिवारी पहाटे त्यांनी नेहमीसारखी चादर काढली, उशीची खोळ काढली. ती उठून बसली, खोलीभर नजर फिरवली आणि रोजच्यासारखंच अवघडून म्हणाली, “दादा, हे कुणाचं घर आहे हो?”

बादली भरलेली होती. खोळ बुडवायच्या आधी मामांनी ती नाकाशी धरली. फक्त औषधाचा वास. त्यांनी कपाटातल्या घड्या हुंगून पाहिल्या, तिची साडी, पांघरूण, स्वतःचा टॉवेल. सगळीकडे तोच. ते तसेच पलंगाच्या कडेवर बसले. ती संकोचून थोडी बाजूला सरकली.

मुलगी दहाला आली. येताना वाद घालायची तयारी करून आली असावी, पण मामांनी तिने आणलेला वृद्धाश्रमाचा कागद हातात घेतला आणि दाखवलेल्या जागी सही केली. मग मुलगीच रडायला लागली.

“बाबा, काहीतरी बोला ना.”

“तिला रात्री उजव्या कुशीवर झोपवा म्हणावं त्यांना. डावीकडे तिचा खांदा दुखतो.”

“सांगते. दर रविवारी आपण जायचं. मी येईन तुम्हाला घ्यायला.”

“हो.”

बॅग त्यांनी स्वतः भरली. आधी लागणारं वर, नंतर लागणारं खाली. कंगवा, औषधांची चिठ्ठी, पातळ उशी. ती दारात तयार उभी होती, मुलीने दोन सारख्या चपला घातल्या होत्या. बॅगेची चेन लावता लावता मामा थांबले. अंगात कालचाच शर्ट होता. शुक्रवारची सगळी धावपळ त्याच्या काखांत आणि कॉलरीवर वाळली होती. त्यांनी बटणं सोडून तो काढला, घडी घातली आणि पातळ उशीच्या खोळीत सरकवला.

“बाबा, हे काय? मळका शर्ट कशाला तिला?”

“असू दे.”

“अहो, तिथे सगळं रोज धुतात. मशीन आहे मोठं.”

बनियनवर उभ्या असलेल्या मामांनी खणातून पांढरी चिकटपट्टी काढली, वीतभर कापली आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून तिच्यावर पेनने लिहिलं. अक्षर गोल, सुटं, लांबून वाचता येईल असं. मग शर्ट पुन्हा बाहेर काढून, ती पट्टी कॉलरच्या आत, सुटू नये म्हणून दोनदा दाबून बसवली.

‘धुऊ नये.’