तवंदीच्या चढावरचा पंखा

कागलच्या अलीकडं ट्रकच्या तोंडातून खडखडाट सुरू झाला, तेव्हा संयोगिताच्या मनात एवढंच आलं की आज नको. उद्या काय व्हायचं ते होऊ दे, पण आज नको. गाडी कडेला घेऊन तिनं बॉनेट उघडलं. पट्ट्यावर फिरणाऱ्या लोखंडी पंख्याचं एक पातं मुळापासून मोडून रेडिएटरच्या जाळीत घुसलं होतं. पाणी रस्त्यावर सांडत होतं आणि ऊन असं होतं की सांडेल तिथंच वाळत होतं.

ट्रक तिच्या नवऱ्याचा, उदयसिंहचा. लग्नानंतर वर्षभरात त्यानं तो घेतला आणि तेव्हापासून पशुखाद्याची पोती चंदगडच्या दूध संस्थांना पोचवत राहिला. मागल्याच्या मागल्या दिवाळीत त्याला झटका आला आणि उजवी बाजू गेली. चालवायला ठेवलेले ड्रायव्हर टिकले नाहीत. एकानं डिझेल विकलं, दुसरा न सांगता गोव्याला गेला. ट्रक दारात गंजायला लागला. संयोगिता माहेरी ट्रॅक्टर चालवायची, ऊस कारखान्यावर घालून यायची. तिनं जड गाडीचं लायसन काढलं आणि एके सकाळी चावी घेऊन निघाली.

उदयसिंहनं तिला अडवलं नाही, पण त्या दिवसापासून तो ट्रकबद्दल एक शब्द बोलला नाही. ती यायची, हातपाय धुवून त्याच्या शेजारी बसायची. तो टीव्हीकडं बघत राहायचा. रस्ता कसा होता, माल उतरला का, टायर काय म्हणतात, काहीच विचारायचा नाही. पोती, ऊन, हायवेवरचे हॉर्न हे सगळं तिला झेपत होतं. पण घरी येऊन त्या गप्प माणसाशेजारी बसलं की दिवसभराचा शीण एकदम अंगावर यायचा.

एका ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्यानं गाडी ओढून उचगावला रुद्रय्याच्या दुकानापुढं आणून सोडली. रुद्रय्या गाड्यांचं वायरिंग करायचा. मूळचा संकेश्वरकडचा, घरात कन्नड बोलणारा, उदयसिंहचा जुना दोस्त. झटका आल्यावर बाकीचे दोस्त हळूहळू यायचे बंद झाले, हा मात्र दर रविवारी उदयसिंहजवळ तासभर बसून जायचा. त्यानं बॉनेटमध्ये डोकं घातलं, पंखा हातानं हलवून बघितला आणि मान हलवली. असला पंखा आता नवा मिळत नाही, म्हणाला. जुना कुठून तरी आणून बसवला तरी पाण्याच्या पंपाचं बेअरिंग झिजलंय, ते त्याचं वजन घेणार नाही, आणि महिन्याभरात परत हेच होणार. त्यापेक्षा लोखंडी पंखा काढून टाकू आणि भंगारात निघालेल्या कारचा विजेवरचा पंखा बसवू. स्वस्तात पडेल आणि उद्याच्या उद्या होईल.

"चालंल न्हवं, अण्णा?" तिनं विचारलं.

"चालंल की वहिनी. चढाला तेवढं गरमीच्या काट्यावर ध्यान ठेवायचं."

घरी तिनं हे सांगितलं, तेव्हा उदयसिंहनं टीव्हीवरची नजर काढली. कितीतरी दिवसांनी तो ट्रकबद्दल बोलला. "माज्या गाडीला प्लास्टिकचा पंखा लावणार?" शब्द त्याच्या तोंडातून एकेक करून, ओढत आणल्यासारखे यायचे. तिनं दुसरा इलाज नसल्याचं सांगितलं. संस्थांचं खाद्य संपत आलंय, माल वेळेवर नाही गेला तर ते दुसरी गाडी बघतील. त्यानं तोंड भिंतीकडं केलं. त्याची थोरली बहीण, जिला सगळं घर आक्का म्हणायचं, ताटं वाढत होती. तिनं संयोगिताला डोळ्यांनीच खुणावलं, जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी रेडिएटरची भोकं झाळून बुजवून आणली आणि दुपारनंतर पंखा बसवायला घेतला. रुद्रय्यानं लोखंडी पट्ट्या कापल्या, भोकं पाडली आणि रेडिएटरच्या मागं, जुन्या पंख्याच्या मोकळ्या झालेल्या जागेत, प्लास्टिकचा पंखा त्याच्या चौकटीसकट आवळला. संयोगिता पाना धरायला, वायर ओढायला उभी होती. स्टेअरिंगजवळ एक बटण आलं, बॅटरीजवळ फ्यूज आला. पंख्याच्या दोन वायरी तेल आणि धूळ बसून सारख्याच काळ्या झाल्या होत्या. रुद्रय्यानं त्या डोळ्यांजवळ नेल्या, उजेडाकडं वळवल्या, अंगठ्यानं घासल्या आणि जोडून टाकल्या. बटण दाबल्यावर पंखा घरघरला. बॉनेटखालच्या अरुंद जागेत सगळीकडून वारा लागला. रुद्रय्या कमरेवर हात ठेवून सरळ झाला. दुपारपासून वाकून त्याची कंबर धरली होती. तिनं चहा आणला, दोघांनी उभ्याउभ्याच प्यायला.

पहाटे पोती भरून ती निघाली. हायवेला गाडी सुरेख पळत होती. कागल गेलं, निपाणी गेली, काटा आपल्या जागेवरून हलला नाही. बरं झालं, तिला वाटलं, आणि जरा पाठ टेकून बसली. मग तवंदीचा घाट लागला. पोत्यांच्या वजनानं गाडी दुसऱ्या गिअरवर आली आणि काटा उठला. तिनं पंख्याचं बटण परत परत दाबून बघितलं. पंखा चालूच होता, आवाज येत होता. मधल्या वळणापर्यंत काटा लालमध्ये गेला. कडेला जागा बघून तिनं इंजिन बंद केलं, चाकांमागं दगड लावले आणि ट्रकच्या सावलीत मटकन खाली बसली.

बराच वेळ ती नुसतीच बसून राहिली. शेजारून गाड्या जात होत्या. उठावं, काही करावं, असं तिच्या अंगाला वाटतच नव्हतं. रुद्रय्याला फोन लावला, तो उचलेना. मग तिनं घरी लावला. यायला उशीर होईल आणि दुपारची गोळी विसरू नका, एवढंच सांगायचं होतं. आक्कानं फोन घेतला. ती बोलत असताना मागून उदयसिंहचा आवाज आला, काय झालंय म्हणून. आक्का सांगायला लागली, तर त्यानं फोनच मागितला.

"कुठं हायस?"

"तवंदीत. मधल्या वळणाला."

"काटा?"

"लालमधी गेलता. बंद केलीया."

"पाण्याचं टोपण उघडू नको."

"म्हाईत हाय मला."

मग त्यानं विचारलं, सपाटीला बरी होती का. होती, ती म्हणाली. चढाला हळू झाल्यावरच तापली का. व्हय.

"इंजन न्हाई. नुसता पंखा चालू कर," तो म्हणाला. "म्होरं जा, जाळीपाशी. ओढणी धर."

ती उठली. बटण दाबलं, पुढं आली आणि ओढणीचं टोक ट्रकच्या तोंडासमोर जाळीजवळ धरलं. टोक उडून तिच्या तोंडावर आलं. तिनं परत धरलं, ते परत उडालं.

"काय झालं?"

"माज्याकडंच उडाय लागलीया."

"मग उलटा फिरतोय त्यो." आता त्याचे शब्द जरा लवकर येत होते. "वारा आत वढायचा सोडून भाईर ढकलतोय. गाडी पळती तवा म्होरनं वारा येतो, तवर कळत न्हाई. चढाला त्यो वारा बी गेला. वायरी बदल. हिकडची तिकडं."

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं बटण बंद केलं, पक्कड काढली. "फोन ठेवू नका," ती म्हणाली.

"ठेवत न्हाई."

फोन तिनं मडगार्डवर ठेवला. इंजिनाची धग तोंडावर येत होती. वायरींवरची चिकटपट्टी दातानं सोडवताना जिभेवर तेलाची चव आली. एकदा हात गरम नळीला लागला आणि ती कळवळली, तर फोनमधून लगेच विचारणा झाली. काही नाही म्हणून तिनं सांगितलं. मग मागं आक्काच्या कुकरची शिट्टी ऐकू आली, आक्का त्याला काहीतरी खायला सांगत होती आणि तो नको म्हणत होता. वायरी अदलाबदल करून, पिळून, चिकटपट्टी गुंडाळून तिनं बटण दाबलं. या वेळी ओढणीचं टोक हातातून सुटलं आणि जाळीला सपाट चिकटून बसलं.

"चिकटली," ती म्हणाली.

पलीकडून नुसतं "हं" आलं. मग तो म्हणाला, "रुद्रय्याला काय बोलू नको."

"का?"

"त्येला बारीक दिसत न्हाई आताशा. लाल का काळी, त्येला कळत न्हाई. रविवारी मला एकट्यालाच सांगिटलंय. पोरीचं लगीन हुईपतूर दुकान चालवायचं हाय, म्हणून कुणाला सांगत न्हाई."

संयोगिताला त्या दोन वायरी आठवल्या, डोळ्यांजवळ नेलेल्या, उजेडाकडं वळवलेल्या. ती शेजारी उभी होती, बघत होती, आणि तिला वाटलं होतं की बिचारा दमलाय. ती म्हणाली, "न्हाई बोलत."

इंजिन निवेपर्यंत ती थांबली, मग कापड धरून टोपण सैल केलं, थोडं थोडं पाणी घातलं आणि गाडी सुरू केली. काटा मधोमध येऊन थांबला. पुढचा चढ तिनं काट्यावरची नजर न काढता चढला. संकेश्वरला जेवायची इच्छा नव्हती, नुसतं ताक प्यायली. गडहिंग्लजच्या पुढं रस्ता वळणावळणाचा होत गेला आणि झाडी वाढली, तसा वारा गार झाला. चंदगडला पोचली तेव्हा संस्थेचे हमाल घरी जायच्या बेतात होते. निम्मी पोती त्यांनी उतरवली, निम्मी सकाळी. ती संस्थेच्या सचिवाच्या घरी, त्याच्या आईजवळ झोपली.

परत येताना तिनं उचगावच्या दुकानापुढं गाडी थांबवली. रुद्रय्या बाहेर आला. पाहुण्यांच्यात लग्नाला गेलतो, फोन पिशवीत राहिलता, म्हणाला. मग काळजीनं विचारलं, चढाला कशी गेली.

"गेली की अण्णा. झ्याक गेली."

त्याचा चेहरा मोकळा झाला. वायरिंगचं अजून थोडं काम आहे, असं ती म्हणाली. दिवे आणि पंखा एकदम लावल्यावर बॅटरीला पुरतंय का ते बघायचं होतं. पण ते काम इथं नको, घरी दारात करू, तसंही रविवारी तुम्ही येताच की. ह्यांना बसल्या बसल्या वायरींचे रंग सांगता येतील, तेवढाच त्यांचाही वेळ जाईल. रुद्रय्यानं तिच्याकडं बघितलं. त्याला काय कळलं, काय नाही, ते त्याच्या तोंडावरून समजेना. "येतो रविवारी," एवढंच तो म्हणाला.

घरी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. उदयसिंह दारातच खुर्ची टाकून बसला होता आणि आतला टीव्ही बंद होता. तिनं हातपाय धुतले आणि उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसली. तिनं पाय लांब करायच्या आतच त्याचं सुरू झालं. गडहिंग्लजच्या चढाला काटा कुठं होता. परत येताना तवंदीच्या उताराला पंखा बंद ठेवला का. पट्ट्या हलतात का. पंपाचं बेअरिंग वाजतंय का अजून.

एवढ्या दिवसांनी तो विचारत होता, आणि नेमकं आजच तिच्यात उत्तरं द्यायचं त्राण नव्हतं. तरी ती देत होती. काटा मधीच होता. उताराला बंद केलता. पट्ट्या घट्ट हाईत. मधूनच डोळे मिटायचे, ती परत उघडायची.

"आणि मागचं टायर? आतलं?"

"बगितलं... हवा..." ती म्हणाली, आणि पुढं काही बोलली नाही. मान खांद्यावर कलली होती आणि तोंड किंचित उघडं राहिलं होतं.

आक्का चहा घेऊन आली आणि तिला हलवायला वाकली. उदयसिंहनं डावा हात वर केला.

"ऱ्हाऊ दे," तो हळू म्हणाला. "उशी आण. मानंखाली घाल तिच्या."