जवळची कड कोणती?

भाचीची पाठ थोपटायची आणि तिचाच कान पिळायचा, हे मावशीला एकाच दमात जमे. मावशीने उभा जन्म दुर्बिणींमागे काढला होता. भाची आता त्याच वाटेने निघाली होती. उद्या तिला विद्यापीठाच्या खगोलशास्त्र विभागापुढे पहिल्यांदा बोलायचं होतं: एका दूरच्या दीर्घिकेच्या, म्हणजे ताऱ्यांच्या अवाढव्य चकतीच्या, मध्यातून थंड वायू बाहेर फेकला जातोय. नवे तारे घडतात ते याच वायूतून. आईपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं.

तिने जेवणाच्या टेबलावर वायूच्या वेगाचा नकाशा पसरला; आपल्याकडे येणारा वायू त्यात निळा, लांब जाणारा लाल. "वरच्या बाजूचा हा निळा वायू आपल्याकडे येतोय. म्हणजे मध्यापासून बाहेर!"

मावशीने रिकामं ताट तिच्यासमोर तिरकं धरलं. "ही तुझी दीर्घिका. वरची कड तुझ्या जवळ की लांब?"

"जवळच असणार."

"असणार? जाऊन पाहून आलीस वाटतं!" मावशीने ताट पलीकडे कलवलं. वरची कड लांब गेली. "आता इथला वायू तुझ्याकडे निघाला, तर पोचेल कुठे?"

भाचीने लांबच्या कडेवरून बोट ओढलं. ते थेट मध्यावर आलं.

"आत," ती पुटपुटली.

"मग कड ओळखायची कशी?"

"धुळीवरून. जवळच्या बाजूची धूळ मधल्या उजेडाच्या आड येते, काळी दिसते." ठाऊक सगळं होतं, बघायचं तेवढं राहिलं होतं. तिने दीर्घिकेचा फोटो उघडला. काळा पट्टा खालच्या बाजूला होता. म्हणजे जवळची कड खालची, आणि वरचा वायू चालला होता आत.

"सगळं पाण्यात गेलं, मावशी!"

"काही गेलं नाही. वेग चोख मोजलायस."

"अगं, बाहेर जातोय म्हणून दवंडी पिटलीय मी!"

"मग आता आत येतोय म्हणून पिट. तोंड तेच आहे ना?"

भाचीला रडता रडता हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी तिने आधी धुळीचा फोटो दाखवला. "कालपर्यंत मी उलट म्हणत होते," ती म्हणाली. "वायू आत येतोय. मध्याला खुराक पोचतोय."

प्राध्यापक पुढे सरसावले. "हे जास्त मजेशीर आहे. पुन्हा सांगा बघू."

मागच्या रांगेत मावशी शेजारच्या अनोळखी गृहस्थाला कोपराने ढोसत होती, "आमची आहे हो ती!"