शेडचे पडदे

दादा कोंबड्यांच्या शेडच्या छपरावरून पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा पिल्लं नुकतीच आली होती. आता पिल्लं काही माणसाचं हाड जुळेपर्यंत वाढायची थांबत नाहीत. वहिनी दवाखाना आणि दादाची उठबस यात अडकलेली. म्हणून धाकटीने आपलं शिवणकामाचं दुकान बंद ठेवलं आणि भावाच्या घरी येऊन शेडची किल्ली कमरेला खोचली. चाळिशी उलटली तरी घरात तिला सगळे धाकटीच म्हणत.

कोंबड्या तिने आजवर लांबूनच पाहिल्या होत्या. दादा पलंगावरून सांगायचा आणि ती करायची. खाद्य केव्हा घालायचं, पाण्याची भांडी कशी घासायची, ऊब द्यायचे दिवे कधी वर घ्यायचे. सुरुवात झकास झाली. मुठीत मावणारे पिवळे गोळे बघता बघता ओंजळीएवढे झाले, त्यांना पांढरी पिसं फुटली. जेवताना धाकटी वहिनीला त्यांच्या गमती सांगायची आणि वहिनी म्हणायची, बाई, तुला तर बाराशे लेकरं झाली.

मग थंडी पडली, बोचरा वारा सुटला. लेकरं गारठतील या धास्तीने तिने शेडच्या दोन्ही बाजूंच्या जाळ्यांवरचे पडदे ओढून घट्ट बांधून टाकले. त्याच सुमारास पिल्लांचं बारीक खाद्य संपवून मोठ्या कोंबड्यांचं भरड खाद्य सुरू करायचं होतं, तेही तिने केलं. आणि थोड्याच दिवसांत शेडची रया गेली. खाद्य भांड्यांत तसंच पडून राहू लागलं. कोंबड्या शिंकायच्या, डोळ्यांतून पाणी गाळत एका जागी बसून राहायच्या. एके सकाळी काही मरून पडलेल्या दिसल्या.

रोग एकदा शेडमध्ये शिरला की सगळ्या कोंबड्या हातच्या जातात, एवढं धाकटीने ऐकलं होतं. की हे नव्या खाद्याने झालं? पोतं उघडताना आपण नीट पाहिलं होतं का? त्या संध्याकाळी दादाने रोजच्यासारखं विचारलं, कशी आहेत मंडळी? मजेत आहेत, असं ती म्हणाली आणि औषधाच्या बाटल्या उगीच इकडच्या तिकडे करत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने गुपचूप कोंबड्यांच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर यायचे म्हणून सकाळपासून कामाला लागली. पडदे उघडले, जाळ्या झाडल्या, पाण्याच्या भांड्यांखाली अंथरलेलं ओलं तूस उचलून उकिरड्यावर टाकलं आणि वर कोरडं पसरलं. डॉक्टर आले. त्यांनी मेलेली कोंबडी उघडून पाहिली. श्वासनळी लाल झालेली होती, पण तेवढ्यावरून काही सांगता येईना. तपासणीसाठी नमुने आणि चिमूटभर खाद्य घेऊन ते गेले. जाताना म्हणाले, अहवाल येईपर्यंत बाहेरच्या कुणाला आत सोडू नका. त्यांची गाडी वळताच धाकटीने पडदे पुन्हा आवळले.

अहवाल येईना. जेवताना ती कोंबड्यांच्या गमतीही सांगेनाशी झाली. शेवटी वहिनीनेच तिला हाताला धरून दादासमोर बसवलं. धाकटीने सगळं सांगून टाकलं. दादा रागावेल, निदान कपाळाला हात लावेल असं तिला वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "मला शेडमध्ये घेऊन चल."

चाकांच्या खुर्चीत बसवून दोघींनी त्याला नेलं. दाराशी खुर्चीची चाकं जंतुनाशकाच्या पाण्यातून फिरवली आणि आत शिरल्या. दादा खुर्चीतून वाकून जवळच्या कोंबड्या न्याहाळत होता. पाहता पाहता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. धाकटीला भडभडून आलं.

"दादा, नको ना रडू," ती म्हणाली. "चुकलं माझं."

"रडतंय कोण? डोळे चुरचुरतायत माझे. तू जरा खाली बस बघू. कोंबडीएवढी हो."

ती उकिडवी बसली. तुसातून उठणारी उग्र वाफ भपकन नाकात शिरली, डोळ्यांची आग झाली आणि तिला ठसकाच लागला. दिवसभर तिथेच वावरून तिचं नाक सरावलं होतं आणि उभ्या माणसापर्यंत वाफ तेवढी पोचतही नव्हती. कोंबड्या मात्र त्या वाफेत नाक खुपसून जगत होत्या.

दादाने एकेक दाखवून दिलं. पाण्याची भांडी लोंबत होती पार खाली, म्हणून पाणी सांडत होतं. ओल्या तुसात विष्ठा कुजून अमोनिया वायू साचला होता आणि बांधलेल्या पडद्यांमुळे त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. डॉक्टर आले तेव्हा हे का दिसलं नाही, असं त्याने विचारलं. धाकटीने मान खाली घालून त्या दिवशीची झाडलोट सांगितली. ते ऐकून वहिनीला हसू आवरेना.

तिथून त्या दोघी नणंद-भावजय कामाला भिडल्या. पडदे वरच्या बाजूने हातभर मोकळे ठेवले, म्हणजे वारा अंगावर न येता वाफ निघून जाईल. ओलं तूस पाट्या भरभरून बाहेर काढलं, कोरडं टाकलं. पाण्याची आणि खाद्याची भांडी कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगली. दादा खुर्चीतून हुकूम सोडत होता आणि कितीतरी दिवसांनी खुशीत दिसत होता.

शिंका हळूहळू कमी झाल्या. मग डॉक्टरांचा फोन आला. रोग नाही, खाद्यही चांगलं आहे. धाकटीने त्यांना पडद्यांची हकिगत सांगितली, तसे ते म्हणाले, "बाई, पाहुण्यांसाठी घर आवरावं. डॉक्टरला पसारा आहे तसाच दाखवावा."

तिने फोन ठेवला आणि शेडच्या उंबऱ्यावरच बसली. छातीवरचं ओझं उतरलं होतं. आत कोंबड्या भांड्यांभोवती रेटारेटी करत होत्या, दाणे टिपल्याचा टकटकाट चालला होता. घरातून वहिनीने जेवायला हाक मारली. धाकटी म्हणाली, आलेच, आणि आज जरा जास्तच वाढ.